दोन्ही डिस्क जळगावलाच होत्या

सुरुवातीलाच कबुली देतो. या सगळ्याच्या मुळाशी माझा गाढवपणा आहे. बायकोच्या मोबाइलमध्ये जागा उरली नव्हती, म्हणून मी तिचे सगळे जुने व्हिडिओ घरातल्या स्टोरेजच्या डब्यात टाकले आणि मोबाइलमधून उडवून मोकळा झालो. "आता आयुष्यभर सेफ," असंही वर म्हणालो होतो.

मी जळगावला शाळेत विज्ञान शिकवतो. भूत, भानामती, अंगात येणं... असलं काही कुणी सांगायला लागलं की माझ्यातला मास्तर जागा होतो आणि समोरच्याची उलटतपासणी घेतो. आज मीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे, तेव्हा हसायचं असेल तर हसून घ्या.

हा डबा म्हणजे नॅस. वायफायच्या राउटरला जोडायचा, आत दोन हार्ड डिस्क, दोन्हींत तोच माल. एक गेली तरी दुसरी असते, या भरवशावर मी तो विकत घेतला आणि मग वर्षभर कपाटावर बंद ठेवून दिला. यंदा श्रावणाच्या तोंडावर सुनंदाने, म्हणजे बायकोने, आईचा व्हिडिओ मागितला. बटण दाबलं. नारिंगी दिवा लुकलुकला, तीन वेळा बीप झालं... बस्स.

तो व्हिडिओ साधा नव्हता. सुनंदाचं माहेर धुळ्याचं. तिथे दरवर्षी श्रावणातल्या एका रविवारी कानबाई, म्हणजे खानदेशची देवी, घरात बसते आणि गाणी म्हणायची तिच्या आईने, अक्कांनी. गेल्या वर्षी अक्कांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. सगळं कळतं, बोलता येत नाही. बाकीची गाणी गल्लीतल्या बायका निभावून नेतात, पण सोमवारी कानबाईला निरोप देतानाचं गाणं अक्कांच्या सासूकडून आलेलं, घरातलंच. सुनंदाला ते अर्धं येतं. भावजय मनीषा वर्ध्याकडची, तिला एक ओळही ठाऊक नाही. पूर्ण गाणं जगात एकाच ठिकाणी होतं, आणि ते ठिकाण तीन वेळा बीप करून गप्प बसत होतं.

सुनंदा भांडली नाही. नुसती म्हणाली, "राहू द्या." बावीस वर्षांच्या संसारात मला हे कळलंय की "राहू द्या" हा शब्द सर्वात वाईट.

मग मी काय नाही केलं? ॲडॉप्टर बदलला. रीसेटच्या भोकात टाचणी घालून मिनिटभर दाबून धरली. धूळ उडवली, तर ती सगळी माझ्याच नाकात. एक डिस्क काढून पाहिली, मग दुसरी. कुठली कुठे होती हे विसरू नये म्हणून दोन्हींवर शाळेच्या वहीची लेबलं चिकटवली, '१' आणि '२'. दिवा नारिंगीच. शेवटी नवीपेठेतल्या कैलासकडे दिला. तो कॉम्प्युटर दुरुस्त करतो. बघतो म्हणाला आणि आठवडा लावला.

शनिवारी धुळ्याला निघायचं होतं, म्हणून सकाळी त्याच्या दुकानात गेलो. कैलास बाहेर गेला होता. गल्ल्यावर त्याचे वडील. त्यांनी डबा पिशवीत घालून दिला. झाला का विचारलं, तर म्हणाले, "त्यालाच माहीत." पिशवी हलकी लागली. मला बरंच वाटलं, एसटीत मांडीवर ठेवायला सोपी. यावरून माझ्या निरीक्षणशक्तीची कल्पना यावी.

एरंडोल, पारोळा करत दुपारी धुळ्याला पोचलो. घरात रोटाचे, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याचे, गहू निवडणं चाललं होतं, एकेका माणसाच्या नावाने मुठी मोजून काढलेले. मेहुणा राजू पिशवीत डोकावून म्हणाला, "दाजी, हाऊ डबा आठे कसाले आना?" म्हटलं, तुझ्या ओळखीत कुणी मेकॅनिक असेल म्हणून आणला. तेवढ्यात खाटेवरून अक्कांनी डाव्या हाताने खूण केली — काय आहे ते?

आता सासूबाईंना नॅस कसा समजावणार? म्हटलं, दाखवतोच. राउटरशेजारी डबा ठेवला, वायर जोडली, बटण दाबलं. नारिंगी दिवा अपेक्षित होता.

निळा लागला.

एकच लांब बीप. मी घाईघाईने माझ्या नव्या मोबाइलमध्ये ॲप टाकलं. या मोबाइलने हा डबा आधी कधी पाहिलासुद्धा नव्हता. यादीत एकच फोल्डर, त्यात एकच फाइल. बाकी माझे शेकडो फोटो गायब. फाइल उतरवून घ्यायला गेलो, दोनदा 'एरर' आला.

सुनंदा म्हणाली, "नादी लागू नका. नुसतं लावा."

लावलं. अक्का त्याच खाटेवर बसलेल्या, तोंडावर पदर धरून आधी लाजल्या, मग गायला लागल्या. मनीषाला मात्र सुचलं. तिने आपला मोबाइल माझ्या मोबाइलसमोर धरला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. गाणं अकरा मिनिटं चाललं. खाटेवरच्या अक्का डाव्या हाताने लोखंडी पट्टीवर ताल धरत होत्या. एका जागी पडद्यावरच्या अक्का ओळ विसरून थांबल्या, तेव्हा खाटेवरच्या अक्कांनी मान हलवली.

गाणं संपलं. स्क्रीनवर 'कनेक्शन गेले'. दिवा विझला. पुन्हा बटण दाबून पाहिलं, मग नारिंगीही लागला नाही.

सोमवारी मनीषाने मोबाइल कानाशी धरून ते गाणं म्हटलं. वर्ध्याच्या उच्चारात, पण पूर्ण. अक्कांच्या डोळ्यांकडे मी पाहिलं नाही, मला जमलं नसतं.

मंगळवारी जळगावला परतलो, तोच कैलासचा फोन. "सर, डिस्क कधी नेताय?"

म्हटलं, डिस्क डब्यातच आहेत की.

"डब्यात कुठून येतील? माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. मी नव्हतो तेव्हा वडिलांनी तुम्हाला रिकामा डबा दिला. आणि सर, दोन्ही गेल्या. मोटरच फिरत नाही."

डबा घेऊन तसाच दुकानात गेलो. कैलासने झाकण उघडलं. दोन्ही खाचा रिकाम्या. ड्रॉवरमधून त्याने डिस्क काढून काउंटरवर ठेवल्या, '१' आणि '२', माझ्याच अक्षरात. मी त्याला मनीषाने पाठवलेलं रेकॉर्डिंग दाखवलं. त्यात कुकरची शिट्टी आहे, आणि "आवाज वाढवू का?" असं विचारणारा माझा बावळट आवाजही आहे. कैलासने ते दोनदा पाहिलं. डब्याच्या स्वतःच्या मेमरीत कसाबसा डबा चालवणारा प्रोग्राम मावतो, अकरा मिनिटांचा व्हिडिओ नाही, म्हणाला. मग चहा मागवला.

मी अजून शोधतोय. फोरमवर विचारून झालं, शाळेतल्या कॉम्प्युटरच्या मॅडमना विचारलं. कुणी म्हणतं फाइल दुसरीकडे असेल, कुणी म्हणतं सर, तुम्ही गोंधळला असाल. गोंधळणं हा माझा स्वभावच आहे, पण त्या खोलीत आम्ही पाच जण होतो. कुणाला काही सुचलं तर जरूर कळवा, मी वहीत लिहून घेईन.

त्या दिवशी घरी येऊन सुनंदाला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं झालं डिस्क नेल्या नाहीत. त्या बिघडलेल्या होत्या ना."