वेशीबाहेरची झोपडी

काल जुन्या धाटणीचा नवा जपानी गेम लावला आणि त्यातली चौकोनी ठिपक्यांची माणसं पाहून लहानपणीची, पूर्णा गावातल्या आमच्या घरातली एक दुपार आठवली. ताई आणि मी तसल्याच एका जुन्या गेममध्ये चार दिवस बंद दरवाजापाशी अडकलो होतो. "सगळ्या गावाशी बोललो, किल्ली न्हाईच. काढूनच टाकते हे," ताई चिडली. घरोघरी वाटायच्या पत्रकांच्या घड्या घालणारे बाबा पडद्याकडे वाकले. "वेशीबाहेरच्या त्या झोपडीत गेलात का?" "तिथं काय असणार, बाबा?" "बघा तर. पत्रकं वाटतानाबी तेच घर सुटतंय लोकांचं." झोपडीतल्या म्हातारीनं लगेच किल्ली दिली. "मग इतके दिवस का न्हाई दिली हिनं?" ताई उसळली. बाबा हसले, "कुणी इचारलं तिला?" दरवाजा उघडला, तर पलीकडं अख्खा समुद्र होता. आता मीही बाबांसारखी पत्रकं वाटते; गाव गेममधलं असो की खरं, मी वेशीबाहेरच्या शेवटच्या घरापासून सुरुवात करते.