ओवाळणीचे टायर

हे मी अनघाला सांगितलेलं नाही. अनघा म्हणजे माझी बायको — माझं काहीही तिच्यापासून लपत नाही असं ती सगळ्यांना सांगते, आणि मीही हसून मान डोलावतो. आईला सांगितलेलं नाही. आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या मंजूला, माझ्या धाकट्या बहिणीला, तर नाहीच. तुम्हाला सांगतोय. का? कारण तुम्ही मला मधेच थांबवून "जाऊ दे रे दादा" म्हणणार नाही. आमच्या घरात मला कोणी शेवटपर्यंत ऐकूनच घेत नाही हो — लगेच माफ करून मोकळे होतात.

गोष्ट टायरची आहे. हिवाळी टायरची, बर्फावर गाडी घसरू नये म्हणून थंडीत लावतात त्यांची. हसू नका! मलाही कळतंय की दोहात राहणाऱ्या माणसाने हिवाळी टायरवर बोलणं म्हणजे काय ते. इथे आमची गाठ उन्हाळ्याशी. अल थुमामाला आमच्या बिल्डिंगखाली गाडी उघड्यावर उभी असते, जुलैत दाराच्या हँडलला हात लावला की चटका बसतो आणि टायरच्या रबराला बारीक बारीक चिरा पडतात. थंडीत आम्ही कपाटातून स्वेटर काढतो तोही हौसेने. बर्फ मी पाहिलाय तो फ्रीजरमधला. आणि असा मी — पण थांबा, क्रमाने सांगतो.

इथल्या आमच्या मराठी मंडळींत गाडी म्हटली की माझं नाव निघतं. सेकंडहँड घ्यायची असो, विकायची असो, "आधी दादांना दाखवा". शुक्रवारी सकाळी कोणी ना कोणी गाडी घेऊन दारात उभं. मी बॉनेट उघडतो, गंभीर चेहऱ्याने आत बघतो, टायरवर बुटाने दोनदा मारतो. त्यातलं निम्मं मला कळतं. उरलेलं मी चेहऱ्यावर निभावून नेतो. तोपर्यंत त्यात कोणाचं काही बिघडलं नव्हतं. "मला माहीत नाही" हे चार शब्द... चार नाहीत, तीनच आहेत की! बघा, म्हणायची सवयच नाही, मोजता तरी कसे येणार?

मंजू नाशिकला दातांची डॉक्टर होती. हात इतका हलका की दात काढून झाला तरी पेशंट तोंड उघडं ठेवून बसलेला असायचा. लग्न झालं, प्रसादरावांबरोबर कॅनडात गेली, कॅल्गरीला. तिथे पुन्हा प्रॅक्टिस करायची तर परीक्षा द्याव्या लागतात, आणि त्यातली एक हाताची — प्रत्यक्ष काम करून दाखवायचं. मंजू तिची तयारी करत होती. पहिला हिवाळा त्यांनी बसने काढला. दुसऱ्या वर्षी एक जुनी गाडी घेतली, आणि दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तिचा मला मेसेज आला.

प्रसादराव म्हणत होते, बर्फाचे टायर घेऊन टाकू. मंजूला वाटत होतं, रोजचं जाणं म्हणजे क्लास आणि किराणा, तेवढ्यासाठी एवढा खर्च करायचा का? म्हणून तिने विचारलं होतं — दादा, तुझ्या ऑफिसात तो कॅल्गरीचा माणूस आहे ना, कॉलिन, त्याला विचारून सांग. आणि खाली लिहिलं होतं की घ्यायचेच ठरलं तर तुझ्या भाऊबीजेच्या ओवाळणीतून घेईन.

हे शेवटचं वाक्य मला बोचलं.

खरं सांगू? माझी ओवाळणी म्हणजे माझी मिजास होती. समोरासमोर भेट नाही, ती तिकडे निरांजन लावून फोनला ओवाळणार, मी इकडे अनघाच्या हातून कुंकू लावून घेणार — मग निदान ओवाळणी तरी अशी हवी की आईने नाशिकभर सांगावी. मला हवं होतं सोनं. मंजूच्या हातात बांगडी दिसावी आणि कोणी विचारलं की तिने म्हणावं, दादाने दिली. आणि ती तिचे काळे टायर घेणार? चिखलात फिरणारे? ते कोणाला दाखवणार होती ती?

आता कॉलिनचं. कॉलिन वेस्ट बेच्या आमच्या ऑफिसात माझ्यापासून तीन टेबलं सोडून बसायचा. भला माणूस. पण त्याच सुमारास एका मीटिंगमध्ये त्याने माझ्या ड्रॉइंगमधली चूक सगळ्यांसमोर दाखवली होती. चूक होतीच. पण मला राग आला होता, आणि गुड मॉर्निंगच्या पुढे मी त्याच्याशी बोलत नव्हतो. त्याच्याकडे जाऊन विचारायचं? की बाबा रे, मला टायरमधलं कळत नाही, सांग? मला? आठवडाभर मी रोज त्याच्या टेबलावरून पाणी प्यायला गेलो आणि रोज तसाच परत आलो.

भाऊबीजेला मंजूचा व्हिडिओ कॉल आला. ओवाळून झालं. तिने विचारलं, "मग? काय म्हणाला कॉलिन?"

आणि मी म्हणालो — विचारलं ना! तो म्हणाला शहरातल्या शहरात काही गरज नाही, कंपन्यांची विकायची कला आहे सगळी, आहेत ते टायर बारमाही चालतात, गाडी फक्त हळू चालवायची. इतकं सरळ बोललो मी. त्याच्या तोंडचं एक इंग्रजी वाक्यसुद्धा रचून ऐकवलं. वर म्हणालो, ओवाळणीचं रबर नको करूस, बांगडी घे. मागे प्रसादराव उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरची ती किंचित शंका मला अजून आठवते. पण ते म्हणाले, "दादांनी विचारून सांगितलंय म्हटल्यावर प्रश्नच नाही."

मी कोणालाही विचारलं नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ना, ते मी शब्दशः करत होतो. माझ्या वाळवंटातून.

जानेवारीत दुपारी, भर उजेडात, ते दोघं किराणा आणायला निघाले होते. उताराचा रस्ता, खाली सिग्नल. प्रसादरावांनी ब्रेक वेळेवर लावला. चाकं थांबली, गाडी थांबली नाही. हळू हळू घसरत चौकात गेली — मंजू सांगते, इतकी हळू की तिला वाटलं आत्ता थांबेल — आणि आडवा येणारा पिकअप तिच्या बाजूच्या दारावर आदळला. उजवं मनगट. हात इतका सुजला की हॉस्पिटलात बांगडी कापून काढावी लागली. माझी बांगडी.

चांगले टायर असते तरी घसरली असती का? असेलही. हा प्रश्न मी स्वतःला फार वेळा विचारलाय आणि दर वेळी मला हवं ते उत्तर मिळालंय. म्हणून आता विचारत नाही.

मनगटात प्लेट बसली. हाड जुळलं, पण ती जुनी पकड आली नाही. दातांच्या कामाला जी बारीक, न थरथरणारी पकड लागते, ती. मंजूने एकदा परीक्षा देऊन पाहिली. मग एका दवाखान्यात अपॉइंटमेंट सांभाळायचं काम धरलं. आजही तेच करते. दुसऱ्यांचे पेशंट हसून आत पाठवते.

अपघातानंतर मी कॉलिनला विचारलं. सहज विचारल्यासारखं, पॅन्ट्रीत. त्याने माझ्याकडे असं बघितलं जणू मी विचारलं होतं की गाडीला ब्रेक लागतात का. "अर्थातच लागतात," म्हणाला. त्याचा कप भरायच्या आत उत्तर देऊन झालं होतं. एवढंसं काम होतं हो ते!

आणि घरी दोष कोणाला लागला? प्रसादरावांना. आईला एवढंच कळलं की बर्फाचे टायर घ्यायचे राहिले म्हणून लेकीचा हात गेला. टायर कोणी घ्यायचे असतात? जावयाने. नाही घेतले म्हणजे? कंजूस. मंजूने हॉस्पिटलमधूनच नवऱ्याला बजावलं होतं की आईसमोर दादाचं नाव निघता कामा नये, त्याने चांगल्या मनाने सांगितलं होतं. त्यांनी ते पाळलं. आई टोमणे मारण्यात तयार आहे, थेट कधी बोलत नाही. "आमचे प्रसादराव फार काटकसरी बरं का," असं सुट्टीत सगळे नाशिकला जमलो की वाढता वाढता म्हणते. ते ताटात बघून हसतात आणि आणखी एक पोळी मागून घेतात. बोला! मूळचे घ्या म्हणणारे तेच होते, आणि वर्षानुवर्षं ऐकूनही तेच घेत होते. मी शेजारी बसून मूग गिळत होतो. नुसतं बसत नव्हतो, जेवत होतो.

मला या माणसाचे आभार कसे मानायचे ते कळत नाही. मंजूचे तरी कसे मानू? दर भाऊबीजेला न चुकता तिचा कॉल येतो. तबक डाव्या हातावर पेललेलं असतं, उजवा नुसता टेकवलेला. आणि तोंड भरून "दादा!"

या वर्षी दोघं दिवाळीला इथे आले, भारतात जाता जाता. आई आता बहुतेक आमच्याकडेच असते. किती वर्षांनी मंजूने मला समोर बसवून ओवाळलं! अनघाने पाट मांडला, रांगोळी काढली, माझे डोळे भरून आले ते कुंकू डोळ्यांत गेलं म्हणून खपवलं. सगळं छान चाललं होतं. मग तबक खाली ठेवताना मंजूच्या हातून सुपारी घरंगळली, आणि आई सुस्कारा टाकून म्हणाली, "चार टायर घेतले असते तर..." प्रसादराव नेहमीसारखे हसले.

काय झालं मला कोण जाणे. मी म्हणालो, "आई, त्यांना काही बोलू नकोस. टायर घेऊ नका असं मी सांगितलं होतं."

अनघा हातातला लाडू धरून तशीच उभी. मी पुढचं बोलायला तोंड उघडलं. शपथेवर सांगतो, उघडलं होतं. पण मंजू माझ्या आधी बोलली.

"अगं, त्याने मनाचं नव्हतं सांगितलं. ऑफिसातल्या कॅनडाच्या माणसाला मुद्दाम विचारून सांगितलं होतं. माझ्यासाठी आठवडाभर त्याच्या मागे लागला होता तो."

आई म्हणाली, "मग त्या मेल्यालाच काही कळत नव्हतं." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. प्रसादराव म्हणाले, "दादा, कशाला काढलंत ते सगळं? खलास. लाडू खा."

माझं उघडलेलं तोंड होतं. त्यात मी लाडू घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि प्रसादराव समुद्राकाठी द पर्लला फिरायला चाललो होतो, बायका तिथे आधीच पोचल्या होत्या. गाडीत बसण्याआधी ते सवयीने खाली वाकले. अपघातापासून कुठल्याही गाडीत बसताना ते आधी टायर बघतात. पुढच्या दोन्ही टायरच्या कडेला चिरा होत्या. उन्हाळा बाधलेला. मला त्या दिसल्या होत्या, मी चालढकल करत होतो. त्यांनी चिरेवरून बोट फिरवलं आणि मी आपसूकच विचारलं, "बदलायला हवेत का हो? रोजचं आपलं ऑफिस आणि घर, तेवढंच तर जायचं असतं."

ते म्हणाले, "मला इथल्या उन्हाचं माहीत नाही, दादा. विचारून सांगतो."

आणि खरंच विचारलं. वाटेत पेट्रोल पंपावर मला थांबायला लावलं, तिथल्या टायरच्या दुकानात गेले, आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत दुकानदाराला बाहेर घेऊन आले, चिरा दाखवल्या, त्याचं सगळं ऐकून घेतलं. मी स्टिअरिंग धरून काचेतून बघत होतो. परत येऊन म्हणाले, "आजच बदला म्हणतोय. आपण बदलूनच जाऊ. वहिनीपण चालवतात ही गाडी."

टायर बदलेपर्यंत आम्ही तिथल्या बाकावर चहा पीत बसलो. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता. तेव्हाही मी बोललो नाही.

ते दोघं गेले परवा. मंजूने विमानतळावर मिठी मारली आणि कानात म्हणाली, आईला सांगायची गरज नव्हती रे, पण बरं वाटलं. मी "हो" म्हणालो. प्रसादरावांनी बघून घेतलेल्या त्या नव्या टायरांवर गाडी घरापर्यंत अगदी सरळ आली.

कॉलिनची बदली कधीच झाली. त्याचं ते टेबल रिकामं आहे आणि पाणी प्यायला जाताना मी अजून त्याच्यावरूनच जातो. आमच्या घरात आता सगळ्यांच्या लेखी चूक त्याची आहे. त्याला मी काही विचारलंच नव्हतं.