माझे मोजे मला घालता येतात

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायको असती तर तिलाही सांगितलं नसतं — तिनं ओळखलं असतं, ती गोष्ट वेगळी. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही माझ्या मुलीला ओळखत नाही.

पोलादाच्या प्लांटमधली माझी सगळी नोकरी उभ्यानं गेली. रिटायर झालो आणि पाय सुजू लागले. संध्याकाळी चपलेचा पट्टा लागत नसे. डॉक्टर म्हणाले, दाबाचे मोजे घाला — सकाळी, पलंगावरून पाय खाली टाकायच्या आधी. पहिली जोडी मी अंदाजानं आणली. ती गुडघ्याखाली गुंडाळून अशी रुतली की वळ उठले. मग माझ्या वैशालीनं एका पहाटे, सूज नसताना, टेपनं घोटा मोजला, पोटरी मोजली, आणि दुर्गहून मापाचे मोजे आणले. पण ते चढवायचे म्हणजे — वाकलो की मला दम लागायचा. तीच घालून देऊ लागली. मोजा टाचेपर्यंत उलटा करायचा, टाच नीट बसवायची, मग हळूहळू वर. सुरकुती राहू द्यायची नाही. तिची आई गेल्यापासून मरोद्याच्या घरात आम्ही दोघंच.

मग तिला नागपूरहून नोकरीच्या इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. दोन रात्री मामाकडे राहणार होती. शेजारच्या काकूंना मोज्यांचं सांगून जाते म्हणाली. मीच नको म्हणालो — परक्या बाईपुढे पाय कसा करू?

ती गेली, आणि सकाळी मी पकड यावी म्हणून भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवले, भिंतीला पाठ टेकवली आणि — घातले. घाम निघाला, पण दोन्ही घातले. टाचही जागेवर बसली. केवढा आनंद झाला होता मला. वाटलं, ती आली की दाखवू.

संध्याकाळी तिचा फोन आला. निवड झाली होती. आई गेल्यानंतर तिचा असा खुललेला आवाज मी ऐकला नव्हता. छान झालं, म्हणालो. फोन ठेवला. आणि मग त्या दोन खोल्या — तुम्ही कधी आपल्याच घराला घाबरला आहात?

दुसऱ्या दिवशी मी मोजे घातले नाहीत. विसरलो नाही — घातले नाहीत. सकाळपासून खुर्चीवर पाय लोंबते ठेवून बसून राहिलो. दुपारपर्यंत घोटे दिसेनासे झाले. आडवं होऊन पाय उशीवर घेतले असते तर सूज उतरली असती. घेतले नाहीत. तिची वाट पाहत होतो, आणि सूज वाढतेय ना, तेही पाहत होतो.

ती आली. बॅग खांद्यावरच होती. खाली बसून नडगीवर बोट दाबलं. खळगा तसाच राहिला. बराच वेळ ती त्या खळग्याकडे पाहत होती.

"तुमाले एकट्याले कसं सोडू, बाबा?"

घालता येतात मले — एवढंच म्हणायचं होतं. ओठांपर्यंत आलं होतं. मी म्हणालो, "तू पाहून घे, बेटा."

तिनं पाहिलं. नागपूरला नकार कळवला. इथं जवळच, बोरसीच्या एका शाळेत लागली, अजून तिथंच आहे. स्थळं आली, दूरची होती, तिनं नाकारली. कावून, म्हणून मी कधी विचारलं नाही. रोज सकाळी ती पलंगाजवळ उकिडवी बसते, मी पाय पुढे करतो. हल्ली उठताना तिचा गुडघा वाजतो. मला वाटलं होतं, मी तिला धरून ठेवलं. पण ती घरात असेपर्यंत मलाही वाकायची चोरी, खाली पडलेली किल्ली उचलायची चोरी — तिला हाक मारावी लागते. सांगून टाकू? आणि सांगून तिला काय देऊ? ती वर्षं कशापायी गेली, तेवढंच ना?

गेल्या हिवाळ्यात मेथी निवडता निवडता, वर न पाहता, तिनं विचारलं, "बाबा, तेव्हा मी गेली असती तं तुमचं कसं झालं असतं?"

"झालंच नसतं, बेटा," मी म्हणालो.

तिचे हात थांबले. चेहरा निवळला तिचा — मी स्वतः पाहिला. "मंग बरंच झालं," म्हणाली, आणि दुसरी जुडी सोडली.