रक्तातलं लोखंड

माझी धाकटी बहीण पुण्यात ताऱ्यांवर संशोधन करते. मी मानवतजवळच्या आमच्या गावात आशाताई म्हणून गोळ्या-औषधं घेऊन घरोघरी फिरते. जानेवारीत ती चार दिवस राहायला आली की माझी पोरगी माझी राहत नाही. मावशीच्या ताटात जेवते, मावशीच्या गोधडीत झोपते, केससुद्धा मावशीसारखे कापून घेतलेत. शेजारीण हसून म्हणते, माय मरो पण मावशी जगो. ती म्हण ऐकली की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मरायचं ते मायनं, अन् मावशीनं नुसतं येऊन लाड करायचे.

यंदा तर बहिणीनं वेगळंच काढलं. पोरगी दहावीला आहे. "ताई, अकरावीला हिला माझ्याकडं पाठव," म्हणाली. मी हो म्हणलं नाही, नाही म्हणलं नाही. भाकरी थापता थापता नुसती हं हं करत राहिले.

ती निघायच्या आदल्या रात्री जेवणं उरकून आम्ही तिघी स्लॅबवर बसलो. मृग वर आला होता. हरणाच्या पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण, ते तिकांडं, पोरीला मीच दाखवलं होतं, ती एवढीशी असताना. बहीण म्हणाली, "तिकांड्याच्या खालच्या अंगाला तो धुरकट ठिपका बघ. वायू अन् धुळीचा ढग हाय तो. तिथं अजून तारे जन्मायलेत."

झालं. माझं तिकांडं मागं पडलं, पोरगी त्या ठिपक्याला चिकटली.

बहीण सांगत राहिली. लहान तारा पुरवून पुरवून जळतो, अब्जावधी वर्षं टिकतो. जो लय मोठा जन्मतो तो इंधन उधळतो आणि लवकर संपतो. शेवटी त्याच्या पोटात लोखंड साठतं. लोखंडातून पुढं ऊर्जा मिळत नाही, मग तो आतल्या आत कोसळतो आणि फुटून सगळं आभाळभर पसरतं. "आपल्या रक्तातलं लोखंड अशाच मेलेल्या ताऱ्यांचं," ती पोरीच्या मनगटावर बोट ठेवून म्हणाली. तेही माझ्यासमोर.

मला राहवेना. "हिच्या रक्तातलं लोखंड माझं हाय," मी म्हणाले. "पोटात होती तवा मळमळ सोसून लोहाच्या गोळ्या मी गिळल्यात. ताऱ्याचं काय सांगायलीस?"

दोघी हसल्या. मला हसू आलं नाही. खरं सांगते, सख्ख्या बहिणीचा राग राग आला. हिला सगळं आभाळ मिळालंय, माझं एक लेकरू कशाला पाहिजे?

मग पोरीनं विचारलं, "पण मावशी, सगळ्यात पहिल्या ताऱ्यांच्या ढगात लोखंड कुठून आलं?"

बहीण तिच्याकडं नीट वळून बसली. "नव्हतंच. हायड्रोजन अन् हेलियम, बस. हा प्रश्न मला एम.एस्सी.ला असताना पडला होता."

पोरीनं पुन्हा त्या ठिपक्याकडं बघितलं. "म्हणजे त्या ताऱ्यांभोवती पृथ्वीसारखं काहीच नसणार," ती म्हणाली.

बहिणीनं मान हलवली. मला त्यातलं निम्मं कळलं. एवढं मात्र कळलं की हिच्या पुढच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरात नाही.

पदरानं तोंड पुसून मी म्हणाले, "ने हिला. परीक्षा झाली की ने."

पोरगी ताडकन उठली आणि मावशीच्या गळ्यात पडली. 'हो' तर मी म्हणाले होते.