सहा वाजताची सही

माझ्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाला लागून एक लाँड्री आहे. तिच्या मालकिणीला सगळे कडक मावशी म्हणतात. इस्त्री कडक आणि बोलणं त्याहून कडक. कॉलरला वळी पडलेला शर्ट तिच्या दुकानातून कधी बाहेर गेला नाही आणि उशिरा आलेलं गिऱ्हाईक चार शब्द ऐकल्याशिवाय कधी घरी गेलं नाही. नवरा गेल्यावर बावीस वर्षं तिने ही लाँड्री एकटीने चालवली. कुणाच्या खिशात विसरलेली अंगठी सापडली, तर पाकिटात घालून वर नंबर लिहून परत द्यायची. अशा बाईच्या हातून जे झालं, ते सांगताना मलाच अवघडल्यासारखं होतं. त्यात मीही काही नामानिराळा नव्हतो.

मावशीची धाकटी बहीण इस्पितळात आया आहे. तिची ड्यूटी दुपारी सुरू व्हायची ती रात्री आठ वाजता संपायची. तिची मुलगी तेरा वर्षांची. शाळेतून आली की रिकाम्या घरात एकटी. बहीण म्हणाली, "ताई, तिला तुझ्याकडे येऊ दे. चार गोष्टी शिकेल आणि माझा जीवही थाऱ्यावर राहील."

शाळकरी मुलांना कामावर ठेवायचे नियम असतात. मावशीने सगळं रीतसर केलं. शाळेची सही आणली, आईची सही आणली, परवानगीचं कार्ड गल्ल्यामागच्या भिंतीला लावलं. शाळेच्या दिवशी दोन तास, संध्याकाळी सहाच्या पुढे काम नाही, गरम यंत्राजवळ मूल जाता कामा नये, रोजची वेळ वहीत लिहून मुलाची सही घ्यायची. हे सगळं तिने मला मोठ्याने वाचून दाखवलं होतं. वर म्हणाली, "घड्याळवाले, आता सहाचे टोले जरा जोरात वाजवत जा."

भाची चारला यायची. कपड्यांना नंबरच्या चिठ्ठ्या लावायची, टॉवेलांच्या घड्या घालायची आणि तोंड अखंड चालू. मावशीच्या दुकानातून हसण्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. सहाला ती वहीत सही करायची आणि मागच्या टेबलाशी आई येईपर्यंत अभ्यास करत बसायची. दोन महिने असे बरे गेले.

मग वाफेचा मोठा प्रेस चालवणाऱ्या माणसाची कंबर धरली. तो बिछान्याला खिळला आणि त्याच आठवड्यात एका हॉटेलच्या चादरी आल्या. मावशी एकटी पडली. भाचीच म्हणाली, "मी नुसती टोकं धरते ना, मावशी." टोकं धरता धरता पोर प्रेसचं झाकणही ओढू लागली. सहाचे सात झाले, सातचे आठ. वहीत मात्र सहाच. मावशी रोज आकडा घालायची, पोर त्याखाली सही करायची. "आपल्या घरचंच काम आहे," मावशी म्हणायची. चार दिवस म्हणता म्हणता पाच आठवडे झाले.

हे मला दिसत होतं. आमच्या दोन दुकानांमध्ये एक खिडकी आहे. वाफेत लाल झालेला तो चेहरा मी रोज बघायचो आणि डोळ्याला भिंग लावून पुन्हा खाली मान घालायचो.

एके दिवशी झाकण खाली येताना पोरीचा हात मध्ये राहिला. मनगटाच्या वर बोटभर लांबीचा पट्टा भाजला. मावशीने हात गार पाण्यात धरला, मलम लावलं आणि पट्टी बांधताना म्हणाली, "आईला सांग, घरी चहा करताना भाजलं. उगाच घोर लागेल तिला."

पोरीने तसंच सांगितलं. आईला ते खरं वाटलं. आपण घरी नसतो म्हणून पोरीला स्वतःच चहा करावा लागतो, हे तिच्या मनाला लागलं. दुसऱ्या दिवसापासून ड्यूटीवर जाण्याआधी ती चहाचा थर्मास भरून पोरीसाठी लाँड्रीत ठेवून जाऊ लागली. मावशीच्या समोर, गल्ल्याशेजारी. मावशी तो उचलून कपाटाआड ठेवायची.

त्यानंतर दहाएक दिवसांनी कामगार कचेरीतून तपासनीस बाई आल्या. साडेचारची वेळ, पोर घड्या घालत होती. बाईंनी कार्ड पाहिलं, वही चाळली आणि पोरीला जवळ बोलावलं.

"हाताला काय झालं, बाळ?"

"चहा करताना भाजलं. घरी. दूध उतू जात होतं ना, म्हणून मी घाईने पातेलं उचललं आणि फडकं घ्यायचंच विसरले." पोर हसली. "आई खूप रागावली मला."

"आणि घरी कधी जातेस?"

"सहाला सही केली की काम बंद. मग अभ्यास करते. मावशी एक मिनिट जास्त काम करू देत नाही."

बाई माझ्याकडेही आल्या. "शेजारची मुलगी सहानंतर काम करताना दिसते का हो?"

माझ्या भिंतीवर चाळीस घड्याळं टिकटिकत होती. मी म्हणालो, "माझं लक्ष नसतं हो तिकडे."

बाई गेल्या तसा मावशीचा जीव भांड्यात पडला. ती खुर्चीत बसून हसायलाच लागली. तेवढ्यात भाची तिच्या गळ्यात पडून म्हणाली, "बरोबर बोलले ना मी? दुधाचं मी मनानेच घातलं. नुसतं चहा म्हटलं असतं तर पटलं नसतं."

मावशीचं हसू तिथेच विझलं. पोरीचा चेहरा, ती मला नंतर म्हणाली, बक्षीस मिळाल्यासारखा फुलला होता. "मी तिला कॉलर शिकवली, कफ शिकवला, आणि हेही शिकवलं. आणि हे तिला सगळ्यांत छान जमलं."

त्या दिवशी तिने पोरीला एकाही कपड्याला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवलं आणि वही पिशवीत घालून कामगार कचेरी गाठली. तिथे दोन तास बाकावर बसली होती. नंबर आल्यावर टेबलावर वही उघडून म्हणाली, "यातले सहाचे आकडे खोटे आहेत. सह्या तिच्या आहेत, पण पाप माझं आहे. हात प्रेसमध्ये भाजला."

तपासनीस बाईंनी आपला कागद काढला. त्यावर 'समाधानकारक' असं लिहिलेलं होतं. त्या कितीतरी वेळ त्या शब्दाकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "पट्टी तर मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती."

दंड झाला, परवानगी एक वर्षासाठी रद्द झाली आणि महिनाभर दुकानाच्या काचेवर नोटीस लावायचा हुकूम निघाला. ते सगळं मावशीला सोपं गेलं. अवघड गेली ती बहीण. तिच्या स्वयंपाकघरात उभं राहून सांगायला सुरुवात केली, तेव्हा बहीण थर्मास विसळत होती. सगळं ऐकून तिने नळ बंद केला.

"हा मी रोज तुझ्यासमोर ठेवून जात होते गं, ताई," एवढंच म्हणाली. मावशीला वाटलं, तिने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

पोर दारात उभी होती. "मी तुझ्यासाठी खोटं बोलले आणि तूच मला खोटं पाडलंस! आता त्या बाई मला काय म्हणतील?"

मावशी मान खाली घालून घरी आली.

नोटीस तिने रस्त्याच्या बाजूने, नजरेच्या उंचीवर चिकटवली. लोक थांबून वाचायचे. एका जुन्या गिऱ्हाइकाने मस्करी केली, "मावशी, या खेपेला इस्त्री तुमच्यावरच फिरली की!" एरवी त्याची धडगत नव्हती. मावशीने मुकाट्याने त्याचे कपडे बांधून दिले. मीही मग एक दिवस कचेरीत जाऊन माझं खोटं सांगून आलो. बाईंनी लिहून घेतलं आणि मला काही शिक्षा झाली नाही, याचीच मला जास्त लाज वाटली.

भाची आता शाळा सुटल्यावर वाचनालयात जाऊन बसते. मावशी दर रविवारी बहिणीकडे जायची तेव्हा पहिले तीन महिने पोर उठून दुसऱ्या खोलीत जायची. बहीण बोलायची, पण पाहुण्याशी बोलावं तसं. मावशीने जाणं सोडलं नाही.

परवा भाची लाँड्रीत आली. शाळेचा एक शर्ट गल्ल्यावर ठेवून म्हणाली, "कधी मिळेल?"

"उद्या चारला," मावशी म्हणाली. "हवा तर आत्ताच करून देते, बस ना."

"नको, उद्या. पावती द्या."

'दे' नाही, 'द्या'. मावशीने तारीख, वार, वेळ सगळं नीट लिहून पावती फाडून दिली. पोरीने ती आधी वाचून पाहिली, मग दप्तरात ठेवली.

ती गेल्यावर मावशी माझ्या दुकानात येऊन बसली. मग डोळे पुसत म्हणाली, "घड्याळवाले, तिने वाचून बघितलं हो, मी काय लिहिलंय ते."

दुसऱ्या दिवशी तो शर्ट साडेतीनलाच तयार होता.