कंडक्टरमामा आणि गल्लीतल्या तुळया

"लावू का पोरीले फोन?"

खिशातून मोबाइल काढायचा, डोळ्यांपासून हातभर लांब धरायचा आणि एवढंच विचारायचं. आमच्या गल्लीतले भले भले पुरुष या प्रश्नाला टरकून असत. तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल. आमचा जरा जास्तच चिवट होता.

मामा शहाद्याच्या एसटीवर कंडक्टर होते. गावातली लेक सासरी गेली ती त्यांच्या गाडीने आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला झोके खेळायला, माहेरी आली तीही त्यांच्याच. कोणाची दोंडाईच्याला दिली, कोणाची सुरतेला, सगळं तोंडपाठ. निवृत्त झाल्यावर फक्त नंबर तेवढे गोळा केले.

कशासाठी, तर गल्लीतली जुनी सागवानी घरं राखायला. नक्षीचे खांब, चौकटी, तुळया. त्यांचं स्वतःचं घर पत्र्याचं. लग्न नाही, लेक नाही, बहीण नाही. मी एकदा विचारलं, "मामा, तुमचं काय अडलंय यात?"

म्हणाले, "पत्रासले झोका बांधता येत नही ना."

जुनं लाकूड घेणारे व्यापारी टेम्पो घेऊन येत. खांब उचकटून नेत आणि कुठल्याशा हॉटेलात उभे करत. टेम्पो गल्लीत वळला की मागोमाग मामा. मालकाने ऐकलं नाही की फोन. मग त्या घरच्या लेकी आणि आत्या एकामागून एक भावाला धरत. घराच्या कागदावर त्यांच्याही सह्या लागतात, हे भावाला नेमकं तेव्हाच आठवे.

मला जुन्या घरांचा उमाळा नाही, आधीच सांगते. ती उंदरांना फार आवडतात आणि झाडायची मला असतात. म्हणून आम्ही ओसरी पाडून दोन दुकानं काढायचं ठरवलं. टेम्पो दारात आला. पाठोपाठ मामा.

"लावू का पोरीले फोन?"

"लावा," मी म्हटलं. माझी नणंद सुरतेत, फ्लॅटात सुखात. तिला ओसरीचं काय पडलंय?

मामांनी नणंदेला सगळं सांगितलं आणि स्पीकर लावला. "भाऊ! हाई मी काय आयकी ऱ्हायनी? आखाजीले मन्हा झोका कोठे बांधशी? तुन्हा शटरले?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी व्यापाऱ्याकडे. तो म्हणाला, "बेन, पहले घर में फैसला कर लो," आणि चहा पिऊन गेला. शेवटी मागे स्लॅब पडला, पुढे ओसरी राहिली. दुकान एकच निघालं, तेही बोळात. चालतं बरं.

आखाजीच्या आदल्या दिवशी मामांची तपासणी असे. घरोघर जायचं, स्टुलावर चढायचं, तुळई दोन्ही हातांनी धरायची आणि पाय सोडून लटकायचं. लटकल्या लटकल्या सासरकडच्या चौकशा. लेंगा घसरू लागला तरी घाई नाही. मग निकाल: "बांधा झोका. हत्ती बी झुली सकस." हत्तीही झुलू शकेल, एवढी खात्री. एकदा समोरच्या घरात तुळई करकरली, तर मालकाला बनियनवरच सुताराकडे पिटाळलं.

गेल्या थंडीत मामा गेले. त्यांच्या घराचे पत्रे पुतण्याने नेले. उन्हाळा लागताच टेम्पो गल्लीत पुन्हा फिरू लागला.

आखाजीला नणंद आली. दोर घेऊन तुळईखाली उभी राहिली आणि बांधेचना.

"काय झालं?"

"मामानी देखं नही ना." तिने तुळईकडे बोट केलं. "वहिनी, आते तूच लटक."

"मी? तुझा भाऊ आहे की."

"त्याले शटर पाह्यजे व्हतं."

माझे गुडघे, माझं वजन, सगळं सांगून झालं. मग स्टूल आणलं, पदर खोचला, तुळई धरली आणि पाय सोडले. समोरच्या बायका दारात आल्या. टेम्पो नेमका तिथेच थांबलेला. व्यापारी मान बाहेर काढून बघत होता, आणि तुळईकडे नव्हे, माझ्याकडे.

तुळई हूं की चूं करेना.

"बांधा झोका," मी वरूनच म्हटलं, त्यालाही ऐकू जाईल असं. "हत्ती बी झुली सकस."

"झुलीच ऱ्हायना हत्ती," नणंद म्हणाली आणि तिने दोर टाकला.