किल्लीकाकूंची कडी

रिकाम्या घराची बेल वाजवून, क्षणभर थांबून मगच कुलूप उघडणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. त्या आमच्या किल्लीकाकू. घरात कोणी नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असायचं, कारण घरातली माणसं त्यांच्याच हाती किल्ली देऊन नागपूरला नाहीतर सांगलीला गेलेली असायची. मी एकदा हसले, तर म्हणाल्या, "दुसऱ्याचं घर आहे गं. न सांगता कसं शिरायचं?"

तिकडे उत्तरेत, अलीगंजला आम्ही बँकेतली पाच मराठी बिऱ्हाडं होतो आणि शेजारीच काका-काकू. मे महिन्यात सगळ्यांना गावाची ओढ लागायची आणि सगळ्यांच्या किल्ल्या काकूंच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्यांवर जाऊन बसायच्या. ओळखू याव्यात म्हणून प्रत्येकीला परकराच्या वेगळ्या रंगाची नाडी. आमची जांभळी. आमच्या ह्यांना बँकेच्या तिजोरीची किल्ली सांभाळायची सवय, पण हे प्रकरण त्यांनाही जास्त भरवशाचं वाटायचं.

जूनमध्ये गाडीत उकडून निघालेले आम्ही घरी पोचायचो, तेव्हा माठ भरलेला असायचा, तुळस जिवंत असायची आणि बादलीत मलिहाबादचे दशहरी आंबे पाण्यात पडलेले असायचे. मी बॅगा उघडायला लागले की काकू ओरडायच्या, "आधी खा. सामान कुठे पळून जातंय?" त्या आंब्यांसाठी मी कधी नीट आभार मानल्याचं आठवत नाही. घ्यायची सवय लागली की माणूस असाच होतो.

काका गेल्यावर त्या एकट्याच राहिल्या. मुलगा पुण्याला. त्यांच्या दाराला आतून एक जाडजूड लोखंडी कडी होती. दुपारी पाठ टेकण्याआधी ती खाडकन लागायची. "बाहेरचं कुलूप सामानासाठी, आतली कडी माझ्यासाठी," असं त्या म्हणायच्या आणि आम्ही माना डोलवायचो. पाच घरांच्या किल्ल्या त्यांच्याकडे, पण त्यांची किल्ली कोणाकडे, हा प्रश्न आम्हा पाचांतल्या एकीलाही पडला नाही.

एके दिवशी चार वाजता मी दही द्यायला गेले. बेल वाजवली, तर आतून बारीक आवाज आला, "ये गं." पण दार काही उघडेना. त्या न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडल्या होत्या, जेवण झाल्यापासून. सुतार मिळून ती कडी उखडेपर्यंत तास गेला. तो तासभर मी दाराला तोंड लावून काहीबाही बोलत राहिले आणि आतून हुंकार येत राहिला. आत गेल्यावर मला म्हणाल्या, "सगळ्यांच्या किल्ल्या माझ्याकडे, आणि मीच बंद." त्या हसल्या. मला हसता आलं नाही.

खुबा मोडला होता. मुलगा न्यायला आला, तेव्हा खुर्चीत बसून काकूंनी एकेकीला बोलावून जिची तिची किल्ली नाडीसकट परत केली. पुण्याहून काही महिन्यांनी फोन आला, त्या गेल्याचा.

आता शहराच्या दुसऱ्या टोकाला, तेलीबागेत आमचा नवा फ्लॅट झालाय आणि त्याच्या दाराला कुलूप निवडण्यात माझे चार रविवार गेले आहेत. ह्यांना बोट टेकवून उघडणारं हवं. मुलगी फोनवरून म्हणते, "मम्मी, ऑनलाइन मंगवा लो ना." मी दुकानादुकानांत एकच विचारत फिरते, की आतलं माणूस पडलं तर हे बाहेरून उघडतं का. शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदाराने चष्मा वर केला. "बहनजी, सब पूछते हैं कोई घुसे कैसे नहीं. आप पूछ रही हैं कि घुसे कैसे." मी म्हटलं, "हाँ, वही." इतकी दमले होते, की पुढचं समजावून सांगायचं त्राण नव्हतं.

त्याने साधं किल्लीचं कुलूप दिलं, आतून लावलं तरी बाहेरून उघडणारं. कडी मात्र मी सुताराला बसवू दिली नाही. हे थोडे कुरकुरले.

दुसरी किल्ली जांभळ्या नाडीत ओवून मी समोरच्या श्रीवास्तवजींची बेल वाजवली. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या बाई. ओळख म्हणावी तर लिफ्टपुरती. किल्ली हातात घेऊन त्या गोंधळल्या. मी म्हटलं, "और अपनी भी दे दीजिए."

"हमसे तो आज तक किसी ने माँगी नहीं," त्या म्हणाल्या आणि शोधायला आत गेल्या. मी दारात थांबले. दाराला आतून कडी होती, तशीच, जाडजूड. त्या किल्ली घेऊन आल्या तेव्हा मी कडीवर हात ठेवून म्हटलं, "दोपहर में यह मत लगाइएगा."

एवढंच तर मी काकूंना म्हणायला हवं होतं. इतक्या वर्षांत म्हटलं नाही.